अण्णांना मराठी येते

वेदश्रीने रॅकेट काखेत धरली, गौतमीजवळ गेली आणि नेहमीसारखी मोठ्याने म्हणाली,

“आता ही उंच मारणार बघ. मी नेटवरच थांबते, मागचं तू घे.”

पलीकडच्या थायलंडच्या मुलीने बॉल उंच मारलाच नाही. तो सरळ वेदश्रीच्या पायात आला आणि पॉइंट गेला. तिसऱ्यांदा असं झालं, तेव्हा कुठे वेदश्रीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने स्टँडकडे पाहिलं. समोरच्या जोडीच्या कोपऱ्यात शेषगिरी अण्णा पुढे वाकून बसले होते आणि आपल्या मुलींना इंग्रजीत दोनच शब्द सांगत होते. स्टँडमधून सांगायला हल्ली परवानगी असते.

ट्युनिशियात, इजिप्तमध्ये स्पर्धांना बाकीच्या जोड्या तोंडावर बॉल धरून कुजबुजत, तेव्हा या दोघींना हसू येई. आपल्याला कसली चोरी? खुशाल ओरडून बोलावं, कुणाच्या बापाला कळतंय. त्याच सवयीने त्या आज धारवाडातही बोलत होत्या. इथे अर्ध्या स्टँडला मराठी कळत होतं आणि उरलेल्याला कानडी. शिवाय अण्णा. त्यांचं घर हुबळीच्या देशपांडे नगरात, शेजार सगळा मराठी. या दोघींच्या हातात रॅकेट त्यांनीच दिली होती. दोन वर्षांपूर्वी ते चेन्नईच्या अकादमीत गेले आणि आज तिथे शिकणाऱ्या या जोडीला, एक चेन्नईची आणि एक थायलंडची, घेऊन फायनलला आले होते. हे दोघींना माहीत नव्हतं असं नाही, पण सवय कसली शहाणी.

“अण्णांना सगळं ऐकू जातंय,” वेदश्री हळूच म्हणाली.

गौतमीने नुसती मान हलवली. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती मनगटाने तो पुन्हा पुन्हा पुसत होती.

हरणं परवडणारं नव्हतं. पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा होती आणि तिथे दोघींचे क्रमांक मिळून जोडीला प्रवेश मिळतो. खांद्यामुळे गौतमी गेल्या वर्षी चार महिने घरी बसली होती आणि तिचा क्रमांक घसरला होता. ही फायनल जिंकली तरच दोघी एकत्र जाणार. नाहीतर हैदराबादची एक मुलगी वेदश्रीला विचारून बसलीच होती. वेदश्रीने तिला अजून उत्तर दिलं नव्हतं, पण गोष्ट गौतमीच्या कानावर गेली होती. त्या दिवसापासून गौतमी खांद्याचं नावच काढत नव्हती. कुणी विचारलं तर एकदम बरा आहे म्हणायची.

शेवटचा टायब्रेक चालू होता, आधी दहा करील ती जोडी जिंकणार. आठ-सात, समोरची जोडी पुढे. सर्व्ह गौतमीचा. वेदश्रीला काय सुचलं कोण जाणे, ती नेटवरूनच मागे वळून ओरडली,

“तू मार, मी लगेच मध्ये पळते!”

आणि ती जागची हलली नाही. अण्णांचा हात हवेत फिरला. चेन्नईच्या मुलीने बॉल बाजूच्या मोकळ्या जागेत मारला, ती जागा मोकळी नव्हतीच. वेदश्रीने तो तिथल्या तिथे पाडला. स्टँडमध्ये हशा पिकला. गुरूलाच गंडवलं म्हणून कुणीतरी कानडीत अण्णांची चेष्टा केली. अण्णांनीही हसून कानाला हात लावला.

पुढचा सर्व्ह हळू गेला. इतका हळू, की त्यावर तुटून पडायच्या नादात थायलंडच्या मुलीने बॉल नेटमध्ये घातला. नऊ-आठ, आता या दोघी पुढे. आणखी एक पॉइंट.

आता सर्व्ह समोरचा आणि परतवायचा गौतमीने. वेदश्री तिच्याजवळ जायला निघाली, तोच गौतमी होती तिथूनच बोलली. आवाज चांगला मोठा होता.

“वेदा, खांदा गेला माझा. फोरहँडला हात वर होईना.”

वेदश्रीला मनापासून कौतुक वाटलं. पोरगी शिकली म्हणायची. तिनेही तसाच आवाज लावला.

“असू दे गं. कसाबसा अडव.”

गौतमी तिच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग जागेवर जाऊन वाकली. अण्णा गौतमीकडेच बघत होते. चेन्नईची मुलगी बॉल हातात घेऊन त्यांच्याकडे बघत थांबली होती. शेवटी त्यांनी बोटाने बाहेरची बाजू दाखवली.

सर्व्ह बाहेरच्या बाजूला आला, गौतमीच्या बॅकहँडवर. तिने दोन्ही हातांनी तो दोघींच्या मधून सरळ काढला. कुणाची रॅकेट पोचली नाही.

वेदश्रीने तिला मिठी मारली, ओरडली, थोडी रडलीही. स्टँड उभा होता. नेटवर हात मिळवताना गौतमीने डावा हात पुढे केला, ते वेदश्रीच्या लक्षात आलं नाही.

अण्णा आपल्या मुलींशी बोलून मग इकडे आले.

“या वेळी फसला नाहीत, अण्णा,” वेदश्री हसत म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी गौतमीचं उजवं कोपर धरून अगदी थोडं वर उचललं. गौतमीने ओठ दाबला आणि डोळे मिटले.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“महिना झाला असेल.”

“डॉक्टरकडे ने हिला. पुढच्या महिन्याचं विसरा,” ते वेदश्रीला म्हणाले आणि निघून गेले.

 पलीकडे फोटोसाठी दोघींना हाका मारत होते.

“मला सांगायचंस तरी,” ती म्हणाली.

“सांगितलं की,” गौतमी म्हणाली. “सगळ्यांसमोर सांगितलं.”