श्वासाचं पथ्य

जिव्याला यंदा बोहाड्यात, पाड्याच्या सोंगांच्या उत्सवात, वीरभद्राचं सोंग नाचवायचं होतं आणि त्याला श्वास पुरत नव्हता. त्याची अडचण एवढीच होती.

सोंग म्हणजे मुखवटा, पण तोंडाला बांधून विसरून जावं असा नव्हे. कागदाच्या लगद्याचं रुंद तोंड, मागे बांबूची प्रभावळ, सगळं मिळून आठ किलो तीनशे ग्रॅम. त्याच्या मुलीनं, प्रगतीनं, एकदा काट्यावर घालून पाहिलं होतं. खोडाळ्याच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यात वीरभद्राचा मान जिव्याच्या घरचा, त्याच्या आज्यापासूनचा. घरच्या माणसानं एक वर्ष सोंग घेतलं नाही, तर मान पुढच्या घरी जायचा. पुढचं घर म्हणजे चुलतभावाचा मुकेश. तो दोन वर्षांपासून "काका, थकले असाल तर सांगा बरं का," असं फार मायेनं विचारत होता. जिव्याला मुलगा नव्हता. एकटी प्रगती होती, आणि बाया सोंग घेत नाहीत.

अठरा वर्षं जिव्यानं ठाण्याकडच्या एका दगडखाणीत काम केलं होतं. तिथली धूळ फुप्फुसांत बसली ती बसलीच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ही धूळ आता निघायची नाही. पण हा औषधाचा पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा ओढलात तर चालते-फिरते राहाल." जिव्या पंप ओढायचा, पण चोरून. चारचौघांत तोंडाला काहीतरी लावून बसणारा माणूस वीरभद्र कसा होणार?

प्रगती रसायनशास्त्राची पदवीधर. जव्हारला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर होती, तिथंच खोली घेऊन राहायची आणि शनिवारी जीप धरून घरी यायची. दर बुधवारी संध्याकाळी ती हेमंत सरांकडे जायची. सर पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या ओटीवर तीन-चार माणसं जमून जुनी पाली सुत्तं, म्हणजे बुद्धाची प्रवचनं, मराठीतून वाचत, मग अर्धा तास डोळे मिटून बसत. सरांचा नियम होता, जे वाचलं ते करून बघायचं. करून बघितलं नाही तर वाचलं असं म्हणायचं नाही. प्रगतीला हे फार पटलं होतं.

तिला सगळ्यांत आवडलं ते श्वासाचं सुत्त. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचं. लांब कर, रोखून धर, असं सुरुवातीला कुठंच म्हटलेलं नाही. तिला ते प्रयोगशाळेतल्या शिस्तीसारखं वाटलं. नमुना जसा आला तसा तपासायचा, त्यात बोट घालायचं नाही. आणि एका सुत्तात एक भिक्खू फार आजारी पडतो, त्याच्यापुढे ध्यानाचे दहा विषय मांडले जातात, शेवटचा विषय श्वासाचा, आणि तो ऐकून उठून बसतो. त्या पानावर तिनं पेन्सिलीनं रेघ मारली.

माघात एका शनिवारी तिनं बापाला अंगणात पाटावर बसवलं.

"बा, डोळे मीट. नाकापाशी श्वास येतो-जातो, तिथं लक्ष ठेव."

"येतो कमी आन् जातो लई," जिव्या म्हणाला.

"असू दे. लांब आला तर लांब आला म्हणून जाण. आखूड आला तर आखूड. पण श्वासाला हात लावायचा नाही. बदलायचा नाही, ओढायचा नाही. फक्त बघायचं."

"हात नाय लावायचा," जिव्यानं घोकलं.

प्रगतीची आई, काळी, चुलीपाशी नागलीच्या भाकऱ्या थापत होती. तिथूनच ती म्हणाली, "अठरा वरसं दगड फोडला, तवा कुनी नाय सांगला श्वास बघ. आता पोरगी मुकादम झाली."

"मुकादम बेस हाय," जिव्या डोळे न उघडता म्हणाला. "शिव्या नाय देत."

तिघंही हसली. हसण्यानं जिव्याला खोकला आला, पण तो पाटावरून उठला नाही. तसा तो सांगितलेलं मोडणारा माणूस नव्हताच.

प्रगतीनं वही केली. तारीख, किती मिनिटं बसला, मिनिटाला श्वास किती. पहिल्या शनिवारी अठ्ठावीस, दुसऱ्या शनिवारी सव्वीस, चौथ्याला चोवीस. दर वेळी ती तीनदा मोजून सरासरी लिहायची. मधल्या दिवशी फोनवर विचारायची, "कसं वाटतं?" जिव्या म्हणायचा, "थंड वाटतं, पोरी." तिनं तेही लिहिलं.

बुधवारी हेमंत सरांकडे तिनं वहीतलं वाचून दाखवलं. पानभर टिपणही लिहून नेलं होतं, नीटनेटकं, आकड्यांसकट. सगळे ऐकत होते. तिला बरं वाटत होतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "छान आहे. बाबांचं औषध चालू आहे ना?"

"हो सर."

"नाही, विचारलं आपलं. जुन्या ग्रंथांत औषधांवर केवढा मोठा भाग आहे. तूप, लोणी, तेल, मध, गूळ. मुळ्या कुठल्या, मीठ कुठलं. आजारी भिक्खूला अंघोळ घातल्याचंही आहे."

"चाळलाय सर. किराण्याची यादी वाटली," प्रगती म्हणाली. ओटीवर हशा पिकला. सरही थोडेसे हसले आणि त्यांनी पान उलटलं.

बाटली हातात घेतल्याशिवाय जी मुलगी पाण्याच्या नमुन्याचा साधा रंगही लिहीत नसे, तिनं "हो सर" म्हणताना काहीच पाहिलेलं नव्हतं. वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

फाल्गुनात बोहाडा आला. मोठी सोंगं उजाडल्यावर निघतात. संबळ आणि पिपाणीचा सूर बदलला की लोकांना कळतं, आता कोण येणार. जिव्या लाल घोळदार कपडे घालून देवळामागे बसला होता. प्रगतीनं वाकून पाहिलं, तर त्याच्या गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत जात होता.

"बा, जमेल ना?"

"बघतोय मी," तो म्हणाला. "आखूड हाय. जानून हाय."

तिला अभिमान वाटला. तो क्षण तिला पुढं कधीच विसरता आला नाही.

मुखवटा चढला, गाठी पडल्या, आणि वीरभद्र देवळापुढच्या मोकळ्या जागेत आला. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत अर्ध्यावर पाय थांबले. सोंग जागच्या जागी उभं राहिलं आणि थरथरू लागलं.

"वारं आलं," कोणीतरी म्हणालं. बायांनी हात जोडले. संबळवाल्यानं हात चढवला. एक म्हातारा धुपाटणं घेऊन धावला आणि देवाच्या तोंडासमोर मनोभावे धूर धरू लागला. मुखवट्याच्या भोकांतून धूर आत जात होता. काळीनंही हात जोडले होते. प्रगती बापाच्या छातीवर नजर लावून श्वास मोजायला बघत होती, पण घोळदार कपड्यांत काही दिसत नव्हतं.

कळलं ते मुकेशला. त्यानं म्हाताऱ्याला बाजूला सारलं आणि गाठी सोडायच्या भानगडीत न पडता विळ्यानं दोऱ्या कापल्या. खालचं तोंड राखेसारखं झालं होतं, ओठ जांभळे. डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर घाबरल्याची खूण कसली नव्हतीच.

चौघांनी उचलून जिव्याला जीपमध्ये घातलं. फेरी अर्धी ठेवून चालत नाही. जीप वळत असताना प्रगतीनं मागे पाहिलं, तर कापलेल्या दोऱ्यांना गाठी मारून वीरभद्र मुकेशच्या डोक्यावर चढत होता. कोणी त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडाला ऑक्सिजन लावला, सुई टोचली आणि पहिला प्रश्न विचारला, "पंप घेत होते का?"

"हो," प्रगती म्हणाली. मग काळीकडे वळली. "आये, पंप कुठाय?"

काळीनं पदराची गाठ सोडली. पंप फडक्यात गुंडाळून तिनं बरोबर आणला होता, नवाकोरा दिसत होता. त्याच्या पाठीवर एक छोटी खिडकी असते, त्यात किती मात्रा उरल्या ते दिसतं. प्रगतीनंच तो जव्हारहून जीपवाल्याच्या हाती पाठवला होता, तेव्हा तिथं एकशे वीस होते. आता एकशे चार होते. दिवसाला चार धरले तर सोळा म्हणजे चार दिवस. माघात, मंगळवारी संध्याकाळी तो घरी पोचला होता. चार दिवस म्हणजे शनिवार सकाळपर्यंत. त्याच संध्याकाळी तिनं त्याला पाटावर बसवलं होतं.

"बंद का केला?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"तूच तं सांगितलास," काळी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. "एकाचं पथ्य धरलं का दुसऱ्याचं नाय घ्यायचं. भगताचं घेतो तवा डाक्तरचं सोडतो ना आपन? दोन औषधं पोटात भांडतात. तुजा बा म्हने, पोरीचं पथ्य हाय, श्वासाला हात नाय लावायचा. पंप म्हंजे हातच लावनं का नाय?"

प्रगतीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती याच पाड्यात वाढली होती. आठवीत असताना तिला कावीळ झाली, तेव्हा भगताची मुळी संपेपर्यंत गोळ्या आढ्याला टांगून ठेवल्या होत्या. कॉलेजात ही गोष्ट सांगून तिनं मैत्रिणींना हसवलं होतं.

वही पिशवीत होती. अठ्ठावीस, सव्वीस, चोवीस. सगळे आकडे खरे होते. पाटावर शांत बसलेल्या माणसाचे श्वास कमी भरणारच. चढावर, शेतात, संबळाच्या ठेक्यावर किती भरतात ते तिनं मोजलंच नव्हतं.

संध्याकाळी जिव्यानं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले होते, घरी जाईल. पण आता घरातही नळी लागेल, आणि चढ विसरायचा. सोंगाचं कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनीही काही सांगितलं नाही.

"कुनी नाचवला?" जिव्यानं विचारलं.

"मुकेशनं."

त्यानं नजर छताकडे फिरवली. मान गेला होता. ते त्याला मोजून सांगायची गरज नव्हती.

"बा, आत जीव घाबरला तेव्हा हात का नाही केलास? मुखवटा का नाही ओढून काढलास?"

"बघत होतो ना," तो म्हणाला. एकेका शब्दाला थांबत होता. "आखूड होता. मंग आनखी आखूड. तू म्हनलीस तसा. हात नाय लावला."

जिव्यानं ऑक्सिजनचा मास्क तोंडापासून दोन बोटं वर धरून ठेवला होता. नळीतून हवा फुकट जात होती. तिला वाटलं, त्याला आणखी काही बोलायचं आहे.

त्याला विचारायचं होतं.

"हे लावला तं चालतो ना, पोरी?"

तो मास्क तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. ती "चालतं, बा" म्हणाली, तेव्हा कुठं त्यानं तो तोंडावर ठेवला.