‘मार’ म्हणजे काय

दर दिवाळीला जयंतचं कार्ड येतं आणि दर दिवाळीला मी ते फाडून बिनमध्ये टाकतो. माझी बायको वीणा म्हणते, “इतकी वर्षं झाली, आता सोडून दे ना.” काय सोडून देऊ? ती कुत्री माझ्या नावावर मेली. यॉर्कशरच्या डोंगरातल्या त्या खोऱ्यात आजही विचारा; सांगतील, लीड्सहून एक इंडियन डॉक्टर आला होता, त्यानं विल्फच्या नेलला गोळी घालायला लावली. मी भूल देणारा डॉक्टर आहे. माणसाला झोपवायचं आणि पुन्हा धडधाकट उठवायचं, यात माझं आयुष्य गेलं. उभ्या जन्मात मी ढेकणापलीकडे काही मारलेलं नाही.

ही गोष्ट सत्त्याऐंशीच्या एप्रिलमधली. जयंत आणि मी पुण्याच्या मेडिकल कॉलेजात एका बाकावर बसलो, एकाच विमानानं इंग्लंडला आलो. मी लीड्सच्या हॉस्पिटलात रुतलो. त्याला जनरल प्रॅक्टिस हवी होती, म्हणून तो दोन तासांवरच्या एका डोंगरी गावात असिस्टंट म्हणून गेला. चार वर्षं म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली राबला. आता म्हातारा निवृत्त व्हायचा होता आणि जयंतला पार्टनर करायचं की नाही, हे सोमवारी ठरणार होतं. मी गेलो तो शुक्रवार.

चार वर्षांत माझा मित्र पार बदलला होता. डोक्याला चपटी टोपी, अंगात मेणकापडाचं हिरवं जाकीट, आणि कपाटात पोलिसांच्या लायसन्सची रायफल. पुण्यात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा हा माणूस! म्हातारे डॉक्टर शिकार करायचे, गावातले शेतकरी करायचे, म्हणून हाही करायला लागला. गावानं आपल्याला आपलं म्हणावं, एवढीच त्याची धडपड होती. ते मला समजत होतं. माझा राग त्यावर नाही.

सुमेधानं, त्याच्या बायकोनं, भरली वांगी केली होती. दुसरी पोळी घेता घेता जयंत म्हणाला, “श्रीकांत, आज कोल्हे मारायला जायचंय. विल्फची चार कोकरं नेली या आठवड्यात.”

“तू जा. मी टीव्ही बघतो.”

“अरे, तू नुसती बॅटरी उचल. बाकी सगळं मी करतो.”

“जा ना हो श्रीकांत,” सुमेधा म्हणाली. “तो एकटा गेला की मला झोप लागत नाही.”

म्हणजे मी गेलो तो तिच्या शब्दाखातर. एवढं लक्षात ठेवा.

विल्फ साठीचा, काटक, कमी बोलणारा मेंढपाळ. आम्ही पोचलो तेव्हा तो गोठ्यात एका अडलेल्या मेंढीशी झटत होता. कोपरापर्यंत हात माखलेले. कोपऱ्यात नेल बसली होती. काळी-पांढरी, गळ्याभोवती पांढरा पट्टा, आणि डोळे एकटक मालकावर. विल्फनं मान वर न करता आम्हाला सांगितलं, “नेलला मी कोंडतो. पण ती दार उघडून मला शोधत फिरते, तिची खोडच आहे. कोल्ह्याचे डोळे दिव्यात चमकतात, तसे तिचेही चमकतात. तेव्हा पहिल्यांदा डोळे दिसले की दिवा बंद. दुसऱ्यांदा दिवा लावाल तेव्हा कान बघा, शेपूट बघा. नाही दिसलं तर घरी जा.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “बंदुकीवाल्याला दुर्बिणीतून एवढंसं गोल दिसतं. ओळखायचं काम तुमचं, डॉक्टर. तुमच्या शब्दावर तो चालणार.”

मी मान डोलावली. जयंतनंही डोलावली.

आता ती व्यवस्था सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. दिवा रायफलीच्या नळीवर बसवलेला. त्याचं बटण जयंतच्या अंगठ्याखाली. त्याची बॅटरी, चांगली विटेएवढी जड, माझ्या पाठीवरच्या पिशवीत. मध्ये वायर. गाय-वासरासारखे आम्ही एका दोरीनं बांधलेले, अंधारात चढ चढत होतो. गवत ओलं, बोचरा वारा, जागोजाग दगड रचून केलेले गडगे. मी बघायचं आणि सांगायचं, त्यानं तिकडे वळून दिवा लावायचा.

“डावीकडे मार,” मी म्हणायचो. तो डावीकडे टॉर्च मारायचा. “आता गडग्यावर मार.” तो गडग्यावर मारायचा. मेंढ्या दिसायच्या, एकदा ससा दिसला. “परत मार,” की परत उजेड. असं दहा-बारा वेळा तरी झालं असेल. एकदा तर तो स्वतःच हसला. “सारखं मार मार काय करतोस? एखादा कोल्हा पुण्याचा निघाला तर घाबरूनच मरेल.” मीही हसलो. त्याला माझा शब्द नीट कळत होता, हे मला ठासून सांगायचंय.

अकराच्या सुमारास वरच्या गडग्याला जिथे खिंडार होतं, तिथे दोन डोळे चमकले. हिरवट. जयंतनं दिवा बंद केला. मग तळहाताच्या मागच्या बाजूला ओठ लावून चिरका आवाज काढायला लागला. जखमी सशाचा आवाज; तो ऐकून कोल्हा जवळ येतो म्हणे. आम्ही श्वास रोखून उभे. गवतात पावलं वाजली, हलकी, भराभर, सरळ आमच्याच दिशेनं. मला ते विचित्र वाटलं. एकदा दिवा बघितलेलं जंगली जनावर असं धावत माणसाकडे येईल? मी जयंतच्या कानाशी लागून म्हटलं, “परत मार. मला नीट बघू दे.”

उजेड पडला आणि त्याच क्षणी गोळी सुटली.

ओरडणं फार थोडं झालं. मी पुढे धावलो, पाठीवरच्या वायरीला हिसका बसला, जयंत माझ्यामागे ओढला गेला. दिवा अजून चालूच होता. त्या उजेडात मला गळ्याभोवतीचा पांढरा पट्टा दिसला.

“अरे, काय केलंस तू?” मी म्हटलं. जयंतनं आधी माझ्या पिशवीतून वायर उपटली. अंधार झाला. त्या अंधारात तो जोरजोरात श्वास घेत होता आणि मला वाटलं, बिचारा हादरलाय. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मूर्खासारखा हात ठेवला मी.

गोळीचा आवाज ऐकून विल्फ कंदील घेऊन वर आला. तो नेलपाशी गुडघ्यावर बसला, तिचा कान दोन बोटांत धरला. मग विचारलं, “कसं झालं?”

मी तोंड उघडायच्या आत जयंत म्हणाला, “सॉरी, विल्फ. ही टोल्ड मी टू शूट.”

मला आधी कळलंच नाही की हा ‘ही’ म्हणजे मी. कळलं तेव्हा डोक्यात सणक गेली. “मी शूट म्हटलं? मी दिवा लाव म्हटलं! नीट बघू दे म्हटलं!”

“तू ‘मार’ म्हणालास,” जयंत मराठीत म्हणाला. आवाज शांत. “म्हणालास की नाही?”

“म्हणालो! दिवा मार!”

“‘दिवा’ म्हणाला नाहीस.”

विल्फ एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. “काय शब्द म्हणालात तुम्ही?” त्यानं मला विचारलं.

“मार,” मी म्हणालो.

“त्याचा अर्थ शूट होतो?”

इथे मी काय सांगणार होतो? हो, होतो. मारणं म्हणजे ठार मारणंच. पण आम्ही टॉर्चही मारतो! हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, बाजारात चक्कर मारतो, लेकराला मिठी मारतो. दिवसभर मारतच असतो आणि कुणी मरत नाही. हे सगळं मी त्या ओल्या उतारावर, मेलेल्या कुत्रीसमोर, इंग्रजीत सांगायला लागलो. “यू सी, वी हिट द टॉर्च. वी हिट गॉसिप. वी हिट अ हग.” माझं मलाच ऐकू येत होतं, की हा माणूस वेडा तरी झालाय किंवा खोटं तरी बोलतोय. परीक्षेत, इंटरव्ह्यूत, ऑपरेशन टेबलाशी, अकरा वर्षं ज्या इंग्रजीनं मला कधी दगा दिला नाही, ती त्या रात्री एका दोन अक्षरी शब्दापुढे फुकट गेली. आणि माझा मित्र, ज्याला यातलं अक्षर न् अक्षर आईच्या दुधाबरोबर मिळालेलं, तो खाली बघून बुटानं गवत उकरत होता.

विल्फनं जाकीट काढून नेलला गुंडाळलं. मग म्हणाला, “मी काही शिकलेला नाही. पण कुत्री माझी होती, आणि ती कुणाच्या चुकीनं गेली ते मला कळलं पाहिजे. मिसेस डॉक्टर ही भाषा बोलतात. त्यांना विचारू.”

“आत्ता कुठे तिला उठवायचं?” जयंत म्हणाला. “उद्या बघू, विल्फ.”

“आत्ता,” विल्फ म्हणाला.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. सुमेधावर त्या माणसाचा विश्वास होता. त्याची बायको हिवाळाभर अंथरुणाला खिळलेली असताना सुमेधानं रोज तिच्याकडे सूप नेलं होतं. आणि मला तर तिची खात्रीच होती. माझ्या मुलीच्या बारशाला ही बाई आदल्या रात्री येऊन दीडशे करंज्या तळून गेली होती. ती खोटं बोलेल, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

विल्फच्या लँड रोव्हरमध्ये आम्ही तिघं पुढे बसलो, मागे नेल.

सुमेधानं दार उघडलं ती ड्रेसिंग गाऊनमध्ये, केस सुटे. आमची तोंडं बघून घाबरली. विल्फनं टोपी काढली. “तुमची झोप मोडली, माफ करा. माझी नेल गेली. एकच विचारायचंय. तुमच्या भाषेत ‘मार’ म्हणजे काय?”

तिनं आमच्याकडे बघितलं. तिला लगेच कळलं. हुशार बाई होती. जयंत मराठीत एवढंच म्हणाला, “सुमेधा, सोमवार आहे.”

“सुमेधा,” मी म्हटलं, “मी त्याला टॉर्च मार म्हणत होतो. संध्याकाळभर म्हणत होतो. तुम्हाला माहीत आहे आपण काय बोलतो ते. सांगा त्यांना.”

ती दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. आतल्या भिंतीवर त्यांनी नुकताच नवा कागद लावला होता, फुलाफुलांचा. त्या घरात राहायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

“शूट,” ती म्हणाली. “इट मीन्स शूट.”

“दुसरं काही नाही?” विल्फनं विचारलं.

“नाही.”

विल्फनं टोपी घातली. माझ्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही परत माझ्या रानात येऊ नका.” ओरडला असता तर बरं झालं असतं. जयंतच्या मात्र दंडावर त्यानं हात ठेवला, “तुमचा दोष नाही, डॉक्टर,” म्हणाला आणि गेला. आणि जयंतनं तो हात ठेवून घेतला. त्या हाताचा मला जितका राग येतो, तितका गोळीचाही येत नाही.

मी वर जाऊन बॅग भरली. जयंत जिन्यात आडवा आला. “श्रीकांत, तुझं इथं काय अडलंय? तू लीड्सला जाशील, हॉस्पिटलात कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही. मला इथं राहायचंय. समजून घे ना यार.”

“तू मला आधी विचारलं असतंस,” मी म्हणालो, “तर कदाचित मीच बोललो असतो की माझी चूक. मित्र होतास. पण तू विचारलं नाहीस. माझाच शब्द उचललास आणि मलाच हाणलास.”

तो बाजूला सरला. मी दार उघडून बाहेर पडलो. माझी गाडी खाली रस्त्याला होती. मध्ये दगडी पायऱ्या, शेवाळलेल्या, आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. मी चाचपडत पाय टाकला आणि घसरलो. मागून सुमेधा धावत आली.

“थांबा श्रीकांत, पडाल! थांबा, मी टॉर्च मारते.”

आणि ती थांबली. टॉर्च तिच्या हातात होता, बटणावर अंगठा होता. दारात जयंत उभा होता. त्यानंही ऐकलं होतं. तिच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं, पण दिवा लागेना.

“मारा ना,” मी म्हणालो. “मारा, सुमेधा. कुणी मरत नाही.”

तिनं बटण दाबलं. त्या उजेडात मी सगळ्या पायऱ्या उतरलो, गाडीत बसलो, आणि मागे वळून बघितलं नाही.