उत्तरेची भिंत

"पुन्हा सांग," ती उंबऱ्याबाहेरून ओरडली.

मशिदीच्या आतल्या अंधारातून भावाने तोच आकडा सांगितला. तिने तो कागदावर आधीच्या आकड्याखाली लिहिला. पेन्सिलीचं टोक मोडलं.

"टेप लोंबत असेल. जमिनीला टेकव."

"टेकवलाय, ताई. टोकावर वीटपण ठेवलीय."

"मग वाचतोयस चुकीचं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतोस आणि स्वतःला एवढं दिसत नाही?"

भाऊ कपाळ पुसत दारात आला. "चष्म्याच्या दुकानातून रजा काढून आलोय मी. वाटलं होतं, निदान चहा पाजशील."

तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. जुन्या इमारतींचे नकाशे काढणं हा तिचा व्यवसाय. पण आत पाय न ठेवता नकाशा काढण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. बाहेरची बाजू आता तिला पाठ झाली होती. भिंतीचे खालचे थर असे घट्ट बसवलेले, की सांध्यात नख शिरू नये. वरचे मात्र घाईघाईने रचलेले. मध्येच कधीतरी पैसा संपला असावा, नाहीतर राजा. घुमटांच्या कडेने दगडी पाकळ्या होत्या, आणि त्यातली एकही दुसरीसारखी नव्हती. आतली मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, मात्र तिने भावाच्या फोनवरच पाहिली होती, तीही हललेली.

"आत बायका जात नाहीत, त्याला मी काय करू?" मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष पहिल्याच दिवशी म्हणाले होते. फरशीचं दुकान चालवणारा, सौम्य बोलणारा माणूस. "पहिल्यापासून असंच आहे."

शुक्रवारी लोकांना रस्त्यावर बसावं लागे, म्हणून उत्तरेची भिंत पाडून दालन वाढवायचं ठरलं होतं. परवानगीसाठी नकाशा हवा, म्हणून ती हवी होती. आणि नकाशा काही केल्या जुळत नव्हता. बाहेरची लांबी आणि आतली लांबी यांच्यात दोन भिंतींची जाडी धरूनसुद्धा चांगलं चार फुटांचं अंतर उरत होतं.

"आणखी एकदा मोज," ती म्हणाली.

"नाही मोजणार." भावाने टेप तिच्या पुढ्यात टाकला. "एवढा विश्वास नसेल तर तूच जा आत."

बोलून गेल्यावर तोच ओशाळला. ती उठली आणि कागद तिथेच टाकून, दगड ठोकून पाहायचा हातोडा तेवढा उचलून इमारतीला वळसा घालून निघून गेली. उत्तरेच्या भिंतीपाशी पोचल्यावर तिने रागारागाने हातातला हातोडा दगडावर आपटला.

आवाज भरीव आला नाही.

ती ठोकत ठोकत कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे, नंतर कधीतरी बांधलेल्या न्हाणीच्या आडोशाला, गिलाव्याखाली एका बुटक्या कमानीची रेघ दिसत होती.

"पाडायचीच आहे भिंत," अध्यक्ष फोनवर म्हणाले. "काढा की चार दगड."

दुपारी गवंड्याने दगड काढले. आत जिना होता, एका माणसापुरता. वाट बाहेरून होती, त्यामुळे तिला अडवावं असं कुणाला सुचलंच नाही.

वर भिंतीच्या पोटातून एक अरुंद सज्जा दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. दालनाच्या बाजूला दगडी जाळी. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथल्या भोकांच्या कडा बोटांनी घासून गुळगुळीत झाल्या होत्या. त्याच्या खाली आणखी एक रांग तशीच झिजलेली, लहान हातांच्या उंचीवर. धुळीत बांगड्यांचे तुकडे पडले होते.

तिने जाळीला कपाळ टेकवलं. खाली पूर्ण दालन होतं. खांब, कमानी आणि समोर उजवीकडे ती मेहराब, फोटोत दिसली होती त्याहून कितीतरी साधी. आनंद व्हायला हवा होता. तिचे दात मात्र एकमेकांवर घट्ट बसले होते.

"ताई?" भाऊ खाली दालनात चहूकडे पाहत होता. "कुठे आहेस?"

"वर, जाळीमागे. तुझे आकडे बरोबर होते."

"काय?"

"बरोबर होते, म्हटलं!"

संध्याकाळी अध्यक्षांनी बांगडीचा तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

"वर कुणी पडलंबिडलं तर?" ते म्हणाले. "उद्या सकाळी तोंड बुजवून टाकू. उगाच लोक दहा गोष्टी काढतील."

"अहो, तिथे बायका बसायच्या. मुलं घेऊन. ही भिंत पाडता येणार नाही."

"तुम्ही नकाशात जाड भिंत दाखवा. जाडच आहे ना ती?"

"पोकळ आहे."

"बाई, माझी माणसं उन्हातान्हात रस्त्यावर बसतात. ते कुठे दाखवणार तुम्ही नकाशात?"

तेही खोटं नव्हतं. याचाच तिला जास्त राग आला.

सकाळी ती सज्ज्यासकट काढलेला नकाशा घेऊन पोचली, तेव्हा गवंड्याने सिमेंट कालवलं होतं आणि दगड कमानीपाशी रचून ठेवले होते. भांडायचं काय काय, ते ती वाटभर मनात घोळवत आली होती. अध्यक्ष कोपऱ्यावरून वळले. त्यांच्या मागून त्यांची पत्नी येत होती. त्या बाईंचा आवाज तिने फोनवर ऐकला होता, 'दुकानात गेलेत' एवढंच सांगणारा.

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नकाशाकडेही नाही.

"थांब रे जरा," ते गवंड्याला म्हणाले आणि न्हाणीच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यांच्या पत्नीने वाळूच्या ढिगापाशी चपला काढल्या. एका हाताने पदर सावरत ती कमानीसमोर वाकली आणि आतल्या काळोखात डोकावली.

"पायऱ्या उंच आहेत का गं?"

"आहेत," नकाशा गुंडाळत ती म्हणाली. "भिंतीला धरून चला."

गवंड्याने घमेलं बाजूला ओढून वाट मोकळी केली.