अकरा वर्षं कोरडी

कावाशिरी गाव नदीपेक्षा खाली बसलेलं आहे. चारी बाजूंनी बांध आणि मध्ये गाव, म्हणजे वाडग्याच्या तळाला चिकटलेल्या चार शितांसारखं. बांधावर उभं राहिलं की एका हाताला नदी वाहताना दिसते आणि दुसऱ्या हाताला लोकांची छपरं, तीही पायाखाली. अशा गावात पूर्वी प्रत्येक घराच्या पडवीत, छपराला, एक लाकडी नाव टांगलेली असे. आता एकच उरली होती, ती कानेकिची हिबिनोची.

नावेपेक्षा मोठी होती ती नावेची गोष्ट. मोठ्या वादळाच्या साली कानेकिचीच्या आजोबांनी याच नावेतून गावातली माणसं काढली. कानेकिची तेव्हा सात वर्षांचा होता आणि कोठाराच्या माळ्यावर गाढ झोपला होता, पण झोपेतसुद्धा आपल्याला सगळं दिसत होतं असं त्याचं म्हणणं. तो चाळिशीत होता तेव्हा नावेत बारा माणसं होती. पन्नाशीत एकोणीस झाली. नातवंडं झाल्यावर दोन घोडे चढले. सत्तरी ओलांडली तोवर एकेचाळीस माणसं, दोन घोडे आणि देवळातली काशाची घंटा एवढा ऐवज नावेत मावू लागला होता, आणि घंटा वाटेत आपोआप वाजत होती. नाव मात्र होती तेवढीच, सहा पावलं लांब. ऐकायला शहरातल्या शाळांच्या सहली यायच्या. पोरं आ वासून ऐकायची. कानेकिचीने नावेवर एक दिवा लावला होता, खाली माणसांच्या आकड्याची पाटी रंगवली होती आणि नावेला तीन हात वॉर्निश दिलं होतं. अशी चमकायची की खाली उभं राहून दाढी करावी.

आता लाकडी नावेचं एक असतं. तिला तहान लागते. वर्षभर छपराखाली लटकून तिच्या फळ्या सुकतात, आक्रसतात, सांधे उघडे पडतात. म्हणून दर जूनमध्ये, पावसाच्या आधी, सहा जणांनी ती उतरवायची, देवळाच्या तळ्यात दगड भरून चार दिवस बुडवून ठेवायची. फळ्या पोटभर पाणी पितात, फुगतात, सांधे गच्च होतात. मग ती पुन्हा वर टांगायची आणि गावच्या पत्रकात तसं लिहायचं. पत्रक म्हणजे पुठ्ठ्याच्या पाटीला लावलेला कागद. तो एका घरून दुसऱ्या घरी फिरतो, प्रत्येक घर वाचून आपला शिक्का उमटवतं आणि शेजारी देतं. कानेकिचीची ओळ ठरलेली असायची: "नाव भिजवली. हिबिनो."

अकरा वर्षांपूर्वी सहा जण जमेनात. दोघे शहरात गेले, एक वर गेला, एकाची पाठ गेली. तरी यासुए म्हणाली होती, "काका, माझ्या ट्रकने ओढू की." पण तळ्यात बुडवली तर वॉर्निश जाणार, आणि पुढच्याच आठवड्यात सहल यायची होती. कानेकिची स्टुलावर चढला आणि त्याने वेलींना पाणी घालायच्या झारीने नावेवर चार थेंब शिंपडले. मग पत्रकात लिहिलं: "नाव भिजवली."

त्याची बायको फुमी खालून बघत होती. "ते पाणी माझ्या वेलींना घातलं असतं तर फुलं तरी आली असती," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या वर्षी झारीही काढली नाही. ओळ तेवढी लिहिली. अशा अकरा ओळी झाल्या.

*

त्या जुलैत जो पाऊस आला त्याला काय म्हणावं ते जुन्या माणसांनाही सुचलं नाही. पूर्वी पाऊस डोंगरात पडायचा, नदी दोन दिवसांनी फुगायची. तेवढ्यात माणसाचा भात शिजायचा, गाठोडं बांधून व्हायचं, शेजाऱ्याशी भांडण उकरून मिटवूनही व्हायचं. आताशा ढग रांग लावून येतात, डोक्यावर थांबतात आणि हलतच नाहीत. महिन्याभराचा पाऊस न्याहारी आणि जेवणाच्या मधे पडून जातो.

कानेकिची सकाळीच बांधावर जाऊन आला. नदी काठाच्या दोन हात खाली होती. बांध ठणठणीत. तो खुशीत परतला. पण पाणी नदीतून येतच नव्हतं. जे आभाळातून बांधाच्या आत पडत होतं त्याला बाहेर जायला वाट नव्हती. उपसा करणारे पंप पहाटेपासून घरघरत होते. आठच्या सुमाराला ते खोकले आणि गप्प झाले.

तेव्हा यासुएचा छोटा ट्रक उसामी बाईंच्या दारात उभा होता. यासुए कमळकाकडीची शेती करणारी. अठ्ठावन्न वर्षांची, छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून चिखलातच जन्म काढलेली. उसामी बाई एक्क्याण्णव वर्षांच्या. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलेलं, कानेकिचीलाही. घर एक मजली, बैठं, सगळ्यांत सखल जागी.

"बाई, चला ना. सगळे शाळेत जमलेत. पुढच्या सीटवर बसवते तुम्हाला."

"त्या शाळेत पस्तीस वर्षं बसले, पुरे झालं. तिथं फरशीवर झोपून कंबर मोडून घेऊ? आणि कानेची नाव आहे की." बाईंनी छत्री घेऊन उभ्या असलेल्या कानेकिचीकडे मान वळवली. "का रे काने? भिजवलीस ना यंदा? पत्रकात वाचलं मी."

कानेकिचीच्या तोंडात एक शब्द आला होता. 'नाही.' तेवढाच. तो बाहेर पडला असता तर बाई कुरकुरत ट्रकमध्ये बसल्या असत्या आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण यासुए बघत होती. ट्रकमध्ये आधीच बसलेली दोन घरची माणसं बघत होती. अकरा वर्षं त्या एका शब्दावर बसून राहिली होती, आता तो उठेना.

"भिजवली बाई. काळजी नको. पाणी उंबऱ्याला लागलं की नाव घेऊन दारात हजर."

"काका, नक्की?" यासुए म्हणाली. "नाहीतर उचलून नेते मी. शिव्या देतील, खाते."

"तू तुझ्या काकड्या सांभाळ. आणि तुझा तो निळा टब आहे ना, त्यात कपडे धू."

टब म्हणजे चिखलातून काकड्या ओढून न्यायचं तिचं प्लास्टिकचं होडगं. कानेकिची त्याला नाव म्हणत नसे. यासुएने ट्रकचं दार ओढून घेतलं. ट्रक गेला.

*

अकरा वाजता गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. फुमी कोठाराच्या माळ्यावर चढून बसली होती आणि तिथून खाली बघत होती.

"ती तरणार नाही," ती म्हणाली. "तुम्हालाही माहीत आहे."

"देवदार आहे तो. वर तीन हात वॉर्निश."

"वॉर्निशने पोट भरतं का तिचं?"

त्याने दोर सोडले. नाव पाण्यावर उतरली आणि खरोखर तरंगली. तेवढ्या वेळात त्याने आजोबांचं नाव घेतलं, वल्ह्याचा बांबू हातात घेतला आणि मनातल्या मनात बेचाळिसावं माणूसही मोजून टाकलं. बाईंचं घर चार घरं पलीकडे. पहिल्या घरापर्यंत तळाशी ओल दिसली. दुसऱ्या घराशी पाणी घोट्याला लागलं. तिसऱ्या घराशी तो बांबू टाकून भाताच्या पातेल्याने पाणी उपसू लागला. वॉर्निशच्या पापड्या सुटून पाण्यावर तरंगत होत्या आणि प्रत्येक सांध्यातून पाणी असं येत होतं जणू ती नाव नव्हतीच, चाळणी होती. नाव बुडाली ती मात्र खानदानी. उलटली नाही, डचमळली नाही. बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आली आणि त्याच्या पायाखालून हळूच निघून गेली.

कानेकिची छातीभर पाण्यात उभा राहिला, हातात पातेलं.

खिडकीच्या आत बाई ओट्यावर बसल्या होत्या. पाणी त्यांच्या मांडीला लागलं होतं. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "नाव भिजवली नव्हती."

"ते दिसलं मला."

तो खिडकीतून आत शिरला. फ्रीज आडवा होऊन दाराला टकरा देत होता. तिथून निघायची वाट नव्हती, आणि खिडकीबाहेर पाणी चढतच होतं. तो ओट्यावर चढला, बाईंना त्याने पाठीवर घेतलं आणि वरच्या कपाटाला धरून उभा राहिला. बाईंचं वजन दप्तराएवढं. पण त्या थरथरत होत्या, आणि ती थरथर त्याच्या पाठीतून आत उतरत होती.

"किती वर्षं?"

"अकरा."

"अकरा पत्रकं वाचली मी. अकरा शिक्के मारले." मग त्या म्हणाल्या, "काने, माझे पाय कळत नाहीत रे मला."

"मी धरलंय बाई."

"हो. आत्ता धरलंयस."

पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं. एक तास गेला की दोन, त्याला मोजता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुठलाही आकडा फुगवावासा वाटला नाही. एवढंच कळत होतं की पाठीवरची थरथर हळूहळू कमी होत चाललीय, आणि ते चांगलं लक्षण नाही.

"अहो, कुणी आहे का? बाई!"

यासुए होती. रबरी विजार, गळ्याशी पाणी, कमरेला दोर आणि दोराच्या टोकाला निळा टब. शाळेत बाई दिसेनात म्हणून अख्खी गल्ली तुडवत आली होती. दोघांनी मिळून बाईंना खिडकीतून काढून टबात ठेवलं. काकड्यांचा चिखल त्यांच्या गालाला लागला. डोळे मिटलेले होते, पण श्वास चालू होता.

"काका, नाव कुठंय?"

"तुझ्या पायाखाली."

तिने पायाने खाली चाचपलं. मग त्याच्याकडे एकदा पाहिलं. एवढी तोंडाळ बाई, पण शाळेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तो टबाची कड धरून पाण्यातून चालत राहिला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

*

बाईंना इस्पितळात नेलं. छातीत पाणी झालं होतं. शाळेत लोकांनी कानेकिचीला कोरडे कपडे दिले, गरम सूप दिलं आणि वर सांत्वनही केलं.

"नावेचा काय दोष हो? हवामानच फिरलंय."

"असा पाऊस कुणी पाहिलाय? आजोबा असते तरी हात टेकले असते."

"हो ना," कानेकिची म्हणाला. "पाऊसच तसा होता."

म्हणाला आणि त्याने सुपाच्या वाटीत तोंड घातलं. पाऊस तसा होता हे खरंच होतं. म्हणून तर ते इतकं सोयीचं होतं. पलीकडे फुमी ओले मोजे पिळत होती. तिने मोजा पिळला, आणखी पिळला, त्यात थेंब उरला नव्हता तरी पिळत राहिली.

चौथ्या दिवशी पाणी ओसरलं. कानेकिची सगळ्यांच्या आधी गल्लीत पोचला. सगळीकडे चिखल, आणि बाईंच्या खिडकीसमोर त्याची नाव रस्त्यावर बसलेली, काठोकाठ भरलेली. आत पाणी, पाण्यात वीतभर लांबीचा एक मासा गोल गोल फिरत होता. कानेकिची खाली वाकला. तळाशी हात फिरवला, सांध्यांवर बोट फिरवलं. बाहेरून नाव कोरडी पडत चालली होती. एक थेंब गळत नव्हता. चार दिवस पोटभर पाणी पिऊन प्रत्येक सांधा गच्च मिटला होता.

त्याने आधी काय केलं असेल, तर इकडंतिकडं पाहिलं. मग पातेलं शोधून तो घाईघाईने पाणी उपसू लागला. लोक यायच्या आत नाव रिकामी झाली तर कोण विचारतंय? पंधरा पातेली झाली, वीस झाली. मग मासा पातेल्यात आला आणि त्याच्याकडे बघू लागला. माशाला पापणी नसते, तो नजर काढत नाही. कानेकिची तसाच उभा राहिला. मग त्याने मासा परत नावेत सोडला, पातेलं बाजूला ठेवलं आणि लोक येईपर्यंत तिथंच चिखलात बसून राहिला.

लोक आले. भरलेली नाव पाहिली. म्हाताऱ्यांना समजायला वेळ लागला नाही. कुणी पावसाचं नाव काढलं नाही.

*

पत्रक त्याच आठवड्यात निघालं. चिखल कुठं टाकायचा, पिण्याचं पाणी कधी मिळणार, आणि खाली कानेकिचीच्या अक्षरात:

"नाव अकरा वर्षं भिजवलेली नव्हती. दर वर्षी मी खोटं लिहिलं. उसामी बाई माझ्या शब्दावर घरी थांबल्या. पावसाचा दोष पावसाला, हा माझा. हिबिनो."

पत्रक बारा घरं फिरणार होतं. एका घरून दुसऱ्या घरी जाताना ते त्याला घरात बसून दिसत होतं. आता तिथं वाचत असतील. आता त्यांची सून वाचत असेल. आता शिक्का. त्या दिवसांत तो गल्लीत निघाला की लोक कमरेत वाकून नमस्कार करायचे, नेहमीसारखाच, आणि नेहमीपेक्षा थोडं लवकर सरळ व्हायचे. इस्पितळात जायला तो तीनदा निघाला आणि तीनदा बसथांब्यावरून परत आला.

दहाव्या दिवशी यासुएने पत्रक आणून दिलं. "हे इस्पितळात नेऊन बाईंना दाखवलं. खोकताहेत अजून, पण पेन्सिल मागितली."

अकरा शिक्के होते. बाराव्या जागी शिक्का नव्हता, लाल पेन्सिल होती. कापऱ्या अक्षरात, पण तीच पूर्वीची बाईंची बरोबर उत्तराची खूण, वाक्याच्या पुढं गोल. आणि गोलाखाली:

"हे बरोबर. आणखी एक चूक राहिली. मोठ्या वादळात त्या नावेत मी होते. सात माणसं आणि सोयाबीनच्या मिसोचं एक पिंप. घोडा नव्हता. दुरुस्त करून स्वतः आणून दाखव."

कानेकिचीने ते दोनदा वाचलं. मग पडवीत गेला, स्टूल घेतलं आणि नावेच्या रिकाम्या जागेवरचा दिवा काढला. खालच्या पाटीवर 'एकेचाळीस माणसं, दोन घोडे' असं ठळक रंगवलेलं होतं. ते त्याने खरवडायला घेतलं. रंग चांगला होता, लवकर निघेना.

"पिंप विसरू नका," फुमी आतून म्हणाली. "आणि इस्पितळात जाताना वेलींची फुलं घेऊन जा. यंदा आलीत."