नुसते ओठ हलव

माझा कान फार तयार आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. बायकोच्या मते कान असेल तयार, पण जिभेला हाड नाही. असो.

सुट्टी लागण्याआधी आमच्या शाळेत मुलांचं समूहगान होतं. यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावलं. "सर, पुढच्या वर्षी गाण्याचा तास गणिताला द्यायचा विचार चाललाय. कार्यक्रम बघू, मग ठरवू." म्हणजे माझी नोकरी चौथीच्या पोरांच्या गळ्यावर! ते गळे मी वर्षभर ऐकले होते. मला दरदरून घाम फुटला.

तालमीत मी डोळे बारीक करून रांगांमधून फिरायचो. बेसूर कुठून येतोय ते हेरायचं, त्या पोराजवळ वाकायचं आणि मधाळ आवाजात कानात सांगायचं, "बाळा, तू नुसते ओठ हलव हं. कुणाला सांगू नकोस." गाणं शिकवणारे सगळेच हे करतात, कबूल कुणी करत नाही. सुरुवातीला दोघातिघांनाच सांगितलं. गाणं लगेच सुधारलं आणि मला चटक लागली. मग जरा वर चढणारे, जरा खाली घसरणारे, नाकातून गाणारे, सगळ्यांच्या कानाशी लागलो. माझी लेक त्याच वर्गात, दुसऱ्या रांगेत. तिलाही सोडलं नाही. उगाच कुणी पक्षपात म्हणायला नको!

गाणं दिवसेंदिवस मऊ होत गेलं. मी म्हटलं, वा, काय संयम! शेवटच्या तालमींना तर मी इतका रंगात आलो की पियानो बडवत स्वतःच खच्चून गायलो. पोरांचं काय ऐकलं, देव जाणे.

कार्यक्रमाला सभागृह खचाखच भरलं. पुढे मोठ्या बाई, शेजारी गणिताच्या बाई, चेहरा कसा प्रसन्न. मी सुरावट वाजवली, मान डोलावली. पोरांनी तोंडं उघडली.

आवाजच नाही.

आधी वाटलं, माझा कान गेला. तोंडं तर छान उघडत-मिटत होती, हावभावांसकट! कोपऱ्यात एक पोरगी गात होती, तीही आपला एकटीचाच आवाज येतोय म्हटल्यावर गप्प झाली. माझं डोकं सटकलं.

"अरे गा ना, गाढवांनो!"

समोर माईक होता. चालू होता.

मग दुसऱ्या रांगेतून माझी लेक म्हणाली, "बाबा, खरं खरं गायचं?"

"हो!"

"मी पण?"

"सर, मी पण?" मागून कुणीतरी विचारलं. "मला ओठच हलवायला सांगितलंय." "अय्या, मला पण!" पोरं एकमेकांकडे बघायला लागली आणि आईबाप माझ्याकडे. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण रंगमंचाच्या फळ्या भलत्याच मजबूत निघाल्या.

मग पोरं गायली. गायली कसली, किंचाळली. एकाच्या सुराची दुसऱ्याच्या सुराशी ओळख नव्हती. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई डोळे पुसत होत्या. हसून की आणखी कशाने, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. निघताना म्हणाल्या, "तास राहील, सर. फक्त मुलांना गाऊ द्या."

घरी जाताना बायको पुढे, लेक माझा हात धरून भर रस्त्यात गात होती. प्रत्येक ओळीला घसरत होती. दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी म्हटलं, "अगं, पूर्वी अंघोळ करताना केवढं गायचीस. हल्ली घरी का नाही गात?"

"गाते की, रोज गाते," ती म्हणाली. "तू घरी नसतोस तेव्हा."