सासूबाईंनी खरवडलेली भिंत

आमच्या गल्लीची एक खोड आहे. पूर ओसरला की आधी भिंतींना चुना. घरात चूल पेटो न पेटो, सरकारी साहेब नुकसानीच्या पाहणीला येणार म्हटल्यावर घर कसं लखलखीत हवं. मागच्या पुरानंतर साहेब आले, पांढऱ्याशुभ्र भिंती बघितल्या, सासूबाईंच्या हातचा चहा प्यायले आणि इथे फारसं पाणी येत नाही म्हणून शेरा मारून गेले. नाल्याला संरक्षक भिंत बांधायचा सरकारी निधी गेला दुसऱ्याच वस्तीला. माझी शिलाई मशीन मात्र गंजली.

यंदा पुन्हा पाणी आलं, पुन्हा मशीन बुडाली. आणखी एकदा बुडाली तर माझं शिवणाचं दुकान कायमचं बंद. म्हणून घरोघर सांगत फिरले, साहेब येईपर्यंत कुणी चुना लावू नका. पण पालथ्या घड्यावर पाणी. मी मशीनचं तेल आणायला बाजारात गेले, तेवढ्यात सासूबाईंनीही पुढची खोली रंगवून टाकली.

"पाहुण्याला चिखल दाखवायचा? लोक काय म्हणतील?"

"आई, लोकांच्या म्हणण्यावर पोट भरतं का आपलं?" मला रडूच कोसळलं, रागाचं.

तेवढ्यात साहेब दारात. मी छातीला हात लावून दाखवलं, इथवर पाणी होतं. त्यांनी कोऱ्या भिंतीकडे बघितलं आणि हसले. "बाई, निधी म्हटला की सगळेच वाढवून सांगतात."

मी तोंड उघडणार तोच सासूबाई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आल्या. "माझी सून तोंडाळ आहे, खोटारडी नाही," म्हणाल्या आणि स्वतःच लावलेला चुना खरवडायला लागल्या. आत चिखलाची रेघ. आणखी खरवडलं, तर जुन्या चुन्याआड मागच्या पुराची. साहेबांचं हसू मावळलं. बघता बघता शेजारणीही हाताला लागेल ते घेऊन आपापल्या भिंतींना भिडल्या.

निधी मंजूर झाला. नाल्याला भिंत बांधून झाली. पुढच्या पावसाळ्यात नाला तिला धडका देत राहिला आणि मी कोरड्या खोलीत मशीन चालवत बसले. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

पाऊस सरल्यावर सासूबाई चुन्याची बादली घेऊन आल्या. "आता लावू का गं?" आयुष्यात पहिल्यांदा विचारलं त्यांनी मला.

"लावा की, खुशाल लावा."

त्यांनी सगळी खोली रंगवली. फक्त ती रेघ तेवढी सोडली.

"राहू दे," म्हणाल्या. "पुन्हा कुणी विचारलं तर उलथनं शोधत बसायला नको."