मेस्त्रींचा शिक्का

"हे कुणाच्या हातात होतं?" मेस्त्रींनी विचारलं.

टेलरबाईंनी काउंटरवर ठेवलेला अॅडॅप्टर एका बाजूने वितळून आत बसला होता.

"हातात नव्हतं, भिंतीला होतं. धाकटी एकटीच होती घरी, खेळत. धूर निघाला आणि तिला उठता येईना. शेजारीण धावली म्हणून निभावलं."

टेलरबाईंच्या धाकट्या बहिणीचं डावं अंग वर्षभरापूर्वी गेलं होतं. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी माळ्यावरचं लहानपणीचं व्हिडिओ गेमचं यंत्र काढलं. यंत्र धड होतं, पण त्याचा अॅडॅप्टर मेला होता. म्हणून महिन्यापूर्वी त्या याच दुकानात आल्या होत्या.

तेव्हा मेस्त्रींनी हातातलं काम ठेवून समजावलं होतं, "बाई, पिन बसली म्हणजे जमलं असं नसतं. यंत्रावर नऊ व्होल्ट डीसी लिहिलंय, तर तेच हवं. अँपिअर जास्त चालतील, कमी नकोत. आणि तुमच्या यंत्राला पिनेच्या आत मायनस लागतं. हल्लीच्या बहुतेकांत तिथे प्लस असतं. उलटं लागलं की संपलं."

मग काउंटरवर बसणाऱ्या मेस्त्रींच्या साडूंनी कपाटातून अॅडॅप्टर काढून दिला. त्याच्यावर 'तपासले' हा मेस्त्रींचा शिक्का होता. "माझा शिक्का आहे, डोळे झाकून लावा," असं मेस्त्रीच म्हणाले होते.

आता त्यांनी तो अॅडॅप्टर फोडला. भिंतीकडची वीज आणि यंत्राकडची वीज यांच्यात नखभर अंतर हवं, तिथे दोन्हींच्या तारा जवळजवळ चिकटल्या होत्या. फ्यूज नव्हता. वजन भरावं म्हणून कोपऱ्यात लोखंडाचा तुकडा मात्र डकवला होता. मेस्त्रींनी झाकण उलटं करून शिक्का पाहिला. ते डावखुरे, त्यांचा शिक्का कायम कलता पडायचा. हा सरळ होता.

बाई गेल्यावर त्यांनी झाकण साडूंपुढे ठेवलं. अठरा वर्षं दोघांनी मिळून दुकान चालवलं होतं. साडू काउंटर सांभाळायचे, मेस्त्री दुरुस्ती.

"तू एकेक नग तासभर लावून, तापतो का बघत बसतोस," साडू म्हणाले. "गिऱ्हाईक थांबतं का? तुझा माल संपला, मी तसाच दिसणारा आणला."

"आणि शिक्का?"

"शाईच तर आहे."

"त्या घरात माणूस जळलं असतं."

"जळलं नाही ना?" साडूंनी नजर वळवली. "आणि मला एकट्याला काय धरतोस? घरी विचार. तुझी बायको आणि माझी, दोघी बहिणींनी बसून मारलेत शिक्के."

मेस्त्री भर दुपारी घरी गेले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी विचारलं, तेव्हा तिने नाकारलं नाही.

"दाजी म्हणाले, तुमचा भार हलका होईल. आतलं मला काय कळतंय?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली.

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

मेस्त्री उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणजे तिला कळत होतं. आतलं कळत नसेल, पण एवढं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या दारावर कागद लावला: 'आमचा शिक्का असलेले अॅडॅप्टर वापरू नका, परत आणून द्या.' साडूंनी तो फाडला. मेस्त्रींनी दुसरा लिहिला. तोही फाटला, तेव्हा तिसरा लिहून शेजारच्या चांभाराला त्याच्या दारावर लावायला दिला आणि अवजारांची पेटी उचलून टेलरबाईंचं घर गाठलं.

धाकटी भिंतीला टेकून बसली होती. मेस्त्रींनी तिच्यासमोरच यंत्र उघडलं. एक भाग जळला होता, तो बदलला. नवा अॅडॅप्टर मीटरला लावून आकडा तिला दाखवला.

"त्या अॅडॅप्टरवरचा शिक्का मी मारला नव्हता," ते म्हणाले. "पण नाव माझंच होतं, आणि न बघता 'लावा' म्हणालो तोही मीच."

"ताई सांगायची, मेस्त्री म्हणजे देवमाणूस." तिचे शब्द अजून जड येत होते. "धूर यायला लागला ना, तर मी आधी ताईला हाक मारली. ती नव्हतीच घरी."

मेस्त्रींनी बटण दाबलं. पडद्यावर रंग उमटले, जुनी धून वाजू लागली. त्यांनी कंट्रोलर तिच्या पांघरुणावर ठेवला.

तिने तो घेतला नाही.

"आधी तुम्ही बसा," ती म्हणाली. "अर्धा तास."

मेस्त्री फरशीवर बसले. भिंतीला लावलेल्या अॅडॅप्टरवर त्यांनी पालथा हात टेकवून ठेवला. पडद्यावरचा छोटा माणूस कुणी हलवायची वाट बघत जागच्या जागी पाय आपटत होता. धाकटीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती त्यांच्या हाताकडे बघत होती.